पळसाच्या देठांचा मुलगा

श्रीधररावांना रस्त्यात कुणी गाठलं तर पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा बहुतेक सुतकाचा असे. कन्नड मुलखातल्या त्या शहरात, जे. पी. नगरातल्या आणि जुन्या शिवाजीनगरातल्या मराठी घरांत माणूस गेलं की आधी रडारड, मग डॉक्टरचा दाखला आणि लगेच श्रीधररावांना फोन. चुलत आजोबांच्या सुनेचं किती दिवस धरायचं? लग्न झालेल्या बहिणीला भावाचं किती? बातमीच महिन्यानं कळली तर काय? श्रीधरराव डोळे मिटत, बोटांच्या पेरांवर पिढ्या मोजत आणि निकाल देत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म घालवलेला हा माणूस भटजी नव्हता की शास्त्री नव्हता. पण वडिलांकडून ऐकलेलं आणि हौसेनं वाचलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं. भीमाचार्य हे खरेखुरे पुरोहित, तेसुद्धा अडलं की यांच्याकडे येत. "वाट्याला आलेलं काम, आवडो न आवडो, पार पाडायचं. त्यालाच धर्म म्हणतात," हे श्रीधररावांचं ठरलेलं वाक्य होतं. ते म्हणताना त्यांची मान थोडी ताठ होई.

एवढ्या घरांचे निकाल देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराचा निकाल मात्र लावता येत नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा रविकुमार चौऱ्याऐंशी साली, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, कामावर जातो म्हणून शिवाजीनगरच्या घरातून बाहेर पडला तो परतलाच नाही. पोलिसांत वर्दी दिली, इस्पितळं पालथी घातली, नवस बोलून झाले. काही पत्ता लागला नाही. पुढे श्रीधररावांनी जे. पी. नगरात लहानसं घर बांधलं, तेव्हा त्यांची बायको सुनंदाबाई हलायलाच तयार नव्हती. आपण गेलो तर रवी येईल कुठं, असं तिचं म्हणणं. शेवटी कोपऱ्यावरच्या कॉफीपूडवाल्याला नव्या घराचा पत्ता दहादा घोकवून घेतला, तेव्हा कुठं ती रिक्षात बसली. त्या नव्या घरात तिनं काही वर्षं वाट पाहिली आणि मग तीही गेली. तिला अग्नी द्यायला मुलगा नव्हता. तो श्रीधररावांनीच दिला.

मागे राहिली सून, शिल्पाश्री. आली तेव्हा वीस-बाविशीची होती, आता चौतिशी आली. जवळच्याच शाळेत ती मराठी नाही, कन्नड आणि गणित शिकवी. घर सांभाळी, सासऱ्याचं पथ्यपाणी पाही. तिच्या माहेरचे दोनदा तिला न्यायला आले होते. दोन्ही वेळा श्रीधररावांनी त्यांना शांतपणे समजावून परत पाठवलं. नवऱ्याचं काय झालं ते ठाऊक नसताना बायकोनं घर सोडणं धर्मात बसत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्यांच्यापुढे बोलण्याची कुणाची छाती झाली नाही. आषाढात भीमन अमावास्या येते. या मुलखातल्या बायका त्या दिवशी नवऱ्याचे पाय धुऊन पूजा करतात. शिल्पाश्री रवीच्या फोटोची पूजा करी. फोटोला पाय नव्हते, छातीपर्यंतचाच होता. ती चौकटीच्या खालच्या पट्टीला हळदकुंकू लावी. एकदा तिनं विचारलं होतं, "मामंजी, हे करायलाच पाहिजे का?" श्रीधरराव म्हणाले होते, "सवाष्णीचा धर्म आहे, बाळ." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

बारा वर्षं उलटली तसे भीमाचार्य एका सकाळी येऊन बसले. शिल्पाश्रीनं कॉफी आणून ठेवली.

"तुम्हाला मी काय सांगायचं, श्रीधरराव," ते चाचरत म्हणाले. "बारा वर्षं पत्ता नाही म्हणजे गेला असंच धरायचं. त्याचा जीव असा अधांतरी ठेवणं बरं नव्हे. तुम्ही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतंत."

खरंच होतं. दुसऱ्या कुणाला त्यांनी तारीखसुद्धा काढून दिली असती. आता मात्र ते कपातल्या सायीकडे बघत बसले.

"देह नाही तर दहन कशाचं करणार?" शिल्पाश्रीनं दारातूनच विचारलं.

"पळसाच्या देठांचा देह करायचा, अक्का. नारळाचं डोकं, देठांचे हातपाय, वरून पिठाचा लेप. मग सगळं खऱ्यासारखं. सुतक, दिवस, सगळं."

"आणि त्यानंतर ते परत आले तर?"

भीमाचार्यांना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्याचं उत्तर त्यांना पाठ होतं. "त्यालाही वाट आहे. तुपानं न्हाऊ घालायचं, नुकतं जन्मलेलं मूल समजून बारशापासून सगळे संस्कार करायचे, मुंज करायची आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

"त्या बायकोला विचारायचं असतं का?"

भीमाचार्यांनी श्रीधररावांकडे पाहिलं, श्रीधररावांनी भीमाचार्यांकडे. "तसं काही सांगितलेलं नाही," शेवटी आचार्य म्हणाले आणि कॉफी एका घोटात संपवली.

ते गेल्यावर शिल्पाश्री सासऱ्यासमोर येऊन बसली. एरवी ती अशी बसत नसे. "मामंजी, करून टाका. कुंकू राहिलं काय, गेलं काय, मला त्याचं काही वाटत नाही. बारा वर्षं मी उंबऱ्यावर उभी आहे. आत ये म्हणा, नाहीतर जा म्हणा. पण एक काय ते सांगा. मला आता उभं राहवत नाही."

ही पोर आपल्या घरात म्हातारी होत चालली आहे, हे श्रीधररावांना दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलेल्या गोष्टीकडे पाहायचं टाळायला ते शिकले होते. "सरी, बरं," ते म्हणाले, "करू." आणि त्याच दुपारी त्यांनी नातेवाइकांना फोन करायला घेतले, कारण असला विधी करायचा तर भाऊबंदांनाही सुतक लागतं, त्यांना आधी कळवायला हवं.

त्यांची चुलत बहीण अंबूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला राहायची. विधवा, मूलबाळ नाही, गुडघ्यांनी जेरीला आलेली. लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेली, म्हणून तिला खरं तर सुतक नव्हतं, नुसती आंघोळ पुरली असती. पण बातमी ऐकल्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली, "श्रीधरण्णा, फोनवर सांगायचं नाही हे. ते दहनाबिहनाचं ठरवायच्या आधी एकदा माझ्याकडे येऊन जा. एकटाच ये."

दुसऱ्या दिवशी ते दोन बस बदलून येलहंक्याला गेले. अंबूबाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत ती म्हणाली, "रवी जिवंत आहे. इथंच आहे. भाजी बाजारात मला दिसला, झाली की काही वर्षं. सायकलींचं दुकान आहे, बायको आहे, मुलगी आहे. त्यानं मला त्या पोरीची शपथ घातली म्हणून गप्प बसले. पण जिवंत माणसाला तू जाळायला निघालास, ते ऐकून घेऊन मी गप्प बसू कशी?"

श्रीधररावांनी फक्त दुकान कुठं ते विचारलं.

रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पत्र्याचं. एक माणूस उलट्या सायकलीपुढे उकिडवा बसून चाक फिरवून पाहत होता. केस पांढरे व्हायला लागलेले, हात कोपरापर्यंत काळे. डावा खांदा किंचित वर उचलून बसायची लकब श्रीधररावांनी लांबूनच ओळखली. शाळेच्या अभ्यासाला बसताना तो असाच बसे आणि नीट बस म्हणून ते त्याच्या खांद्यावर पट्टी मारत.

त्यानं वर पाहिलं. चाक फिरत राहिलं.

"अप्पा," तो म्हणाला. उठला नाही.

काय काय बोलायचं म्हणून ते वाटभर मनात जुळवत आले होते, त्यातलं काहीच तोंडून आलं नाही. "तुझी आई गेली," एवढंच आलं.

"ठाऊक आहे. अंबूआत्यानं सांगितलं. मी मुंडण केलं, दहा दिवस पाळले. इथं सगळ्यांना सांगितलं गावाकडची मावशी गेली म्हणून." त्यानं चिंधीनं हात पुसले, ते स्वच्छ झाले नाहीत. "अप्पा, तुम्ही विचाराल का गेलास म्हणून. आता माझी बायको आहे त्या धनलक्ष्मीशी माझं तेव्हाच ठरलं होतं. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, मी शिल्पाश्रीच्या वडिलांना शब्द दिलाय, बापाचा शब्द पाळणं हा मुलाचा धर्म. मी पाळला. लग्नाला उभा राहिलो. पुढे जगायचं कसं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"आणि तिनं कसं जगायचं?" श्रीधररावांचा आवाज चढला. "फोटोची पूजा करते ती तुझ्या!"

रवीनं मान खाली घातली. तेवढ्यात सात-आठ वर्षांची मुलगी दप्तर उडवत आली, बापाच्या पाठीवर रेलली आणि पाहुण्याकडे बघत म्हणाली, "यारु अप्पा इवरु?" कोण आहेत हे, असं ती विचारत होती. तिचे कान सुनंदाबाईसारखे बाहेर आलेले होते.

"गिऱ्हाईक," रवी कन्नडमध्ये म्हणाला. "घरी जा, भव्या. आईला सांग मी येतोय."

ती उड्या मारत गेली. गिऱ्हाईक उभंच राहिलं.

"घरी चल," श्रीधरराव हलक्या आवाजात म्हणाले. "राहू नकोस. पण तिला तोंडानं सांग एकदा. मग तिचं ती ठरवेल."

"कुठल्या तोंडानं सांगू, अप्पा?" रवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते काळ्या मनगटानं पुसलं. "नको. अंबूआत्या काल सांगून गेली, तुम्ही विधी करणार आहात. करून टाका. तिकडचा मी मेलेलाच बरा. ती सुटेल, तुम्ही सुटाल. पाप लागलं तर माझ्या नावावर घाला."

"पाप असं कुणाच्या नावावर घालता येत नाही," श्रीधरराव म्हणाले. सवयीनं म्हणाले. मग वळले आणि चालू लागले. मागून चाक पुन्हा फिरल्याचा आवाज आला.

बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी स्वतःशी बराच वाद घातला, आणि वाद घालणारा हुशार असला की निकाल आधीच ठरलेला असतो. खरं सांगितलं तर शिल्पाश्रीला कळणार की बारा वर्षं आपण ज्याच्या फोटोला कुंकू लावलं तो याच शहरात सायकली दुरुस्त करत होता, लेकीला शाळेत सोडत होता. ती मोडून पडेल. कोर्टकचेरी करावी लागेल, लोक तिच्याकडे बोट दाखवतील. त्यापेक्षा विधवा बरी. विधवेला निदान कुणी हसत नाही. हे सगळं तिच्यासाठीच आहे, असं त्यांनी स्वतःला येलहंक्यापासून मॅजेस्टिकच्या बस स्टँडपर्यंत बजावलं. पण मॅजेस्टिकला बस बदलताना त्यांच्या मनात जे आलं तेच खरं होतं. मेलेला मुलगा हे दुःख असतं, टाकून गेलेला मुलगा ही चर्चा असते. आजवर दुसऱ्यांच्या घरांचे निकाल देणाऱ्याच्या घराचा निकाल उद्या चारचौघं देतील, याची त्यांना भीती वाटली. आणि त्याहून मोठी भीती एकच होती. शिल्पाश्री विचारेल, मामंजी, माझ्या माहेरच्यांना तुम्ही दोनदा परत का पाठवलंत?

घरी आल्यावर तिनं विचारलं, "अंबूआत्यांनी कशाला बोलावलं होतं?"

"विधीला येता यायचं नाही म्हणाली. गुडघे."

आयुष्यात ठरवून बोललेलं ते त्यांचं पहिलं खोटं. ते इतकं सहज बोलता आलं याचंच त्यांना नवल वाटलं.

श्रीरंगपट्टणाला कावेरीच्या काठी विधी झाला. भीमाचार्यांनी पळसाचे देठ दर्भावर एकेक करून मांडले. मान, छाती, हात, मांड्या. नारळाचं डोकं ठेवलं, लोकरीच्या दोऱ्यानं सगळं बांधलं, ओल्या पिठाचा लेप दिला. मांडता मांडता त्या पसाऱ्याला खरंच माणसाचा आकार आला. मूलबाळ नसलेल्याच्या क्रियेचा अधिकार पहिला बायकोचा; तिनं हातात दर्भ देऊन तो दुसऱ्याकडे सोपवायचा असतो. शिल्पाश्री ओलेत्यानं पुढे आली आणि तिनं दर्भ सासऱ्याच्या हातावर ठेवला. "माझ्या वतीनं तुम्ही करा, मामंजी," ती म्हणाली. तिचा पूर्ण विश्वास होता त्यांच्यावर. बारा वर्षं त्यांनी जे सांगितलं ते तिनं केलं होतं आणि आता पहिल्यांदाच ती काही मागत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. नदीकाठी फक्त भीमाचार्य आणि दोन दूरचे पुतणे होते. श्रीधररावांनी तोंड उघडलंही. पण तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती सुटल्याची कळा आली होती, आणि त्यांनी तोंड मिटलं. संकल्पात मुलाच्या नावापुढे 'प्रेत' हा शब्द येतो, तो त्यांच्या ओठांतून बाहेर पडेना. दुसऱ्याचा एक अनुस्वार चुकला तर टोकणाऱ्या श्रीधररावांनी तो शब्द नुसताच ओठ हलवून गिळला. पुढे अग्नी दिला. चितेभोवती ते चुकीच्या बाजूनं वळले. भीमाचार्यांना वाटलं, बाप आहे, चालायचंच. नारळ तडकला तेव्हा श्रीधररावांनी तोंड नदीकडे फिरवलं.

मंगळसूत्र काढायला कुणी बाई बरोबर नव्हती. शिल्पाश्रीनं ते स्वतःच काढलं आणि कावेरीत सोडून दिलं. मग तिनं वर पाहिलं आणि लांब श्वास घेतला. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. इतक्या वर्षांत श्रीधररावांनी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती.

त्यानंतर त्या घरात एक माणूस जिवंत होत गेला आणि एक मरत गेला. शिल्पाश्री फिक्या निळ्या, पिवळ्या साड्या नेसू लागली, शाळेच्या सहलीला मुलांबरोबर म्हैसूरला जाऊन आली, स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. श्रीधरराव आंघोळीला जास्त वेळ लावू लागले. सुतकाचे फोन अजून येत. उत्तर द्यायच्या आधी ते आता फार वेळ डोळे मिटून बसत आणि लोकांना वाटे, वय झालं. येलहंक्याकडे ते पुन्हा फिरकले नाहीत. एकदा फक्त शिवाजीनगरला गेले असता कॉफीपूडवाल्याच्या दुकानात थांबले आणि म्हणाले, "आता आमचा पत्ता ठेवायची गरज नाही बरं का." तो म्हातारा कॉफीपूडवाला कधीच वारला होता. गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या मुलाला ते काय म्हणताहेत तेच कळलं नाही.

दोन वर्षांनी शिल्पाश्रीच्या शाळेतले चंद्रकांत मास्तर घरी आले. निपाणीकडचे, पहिली बायको गेलेली, बोलणं रांगडं पण मनानं सरळ. "तुमच्या सुनेशी लगीन करावं म्हणतो, काका," खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले. "तुमचं हो असलं तरच. तिनं तसं सांगूनच धाडलंय मला." श्रीधररावांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. ते हो म्हणाले, मांडव आपल्या दारात घालायचा म्हणाले आणि कन्यादान मीच करणार म्हणाले. समाजात आधी कुजबुज झाली, मग कौतुक. सुनेला मुलगी मानणारा माणूस म्हणून मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना हार घातला गेला. हार घालून घेताना त्यांची मान ताठ नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना हारापेक्षा दुसरीच धास्ती होती. येलहंक्यात एक माणूस सायकली दुरुस्त करत होता, आणि तो आहे तोवर आपण एकाची बायको दुसऱ्याच्या हाती देतो आहोत, हे त्यांना झोपू देत नव्हतं. पण आता मागे फिरायचं तर तिच्याच अंगावरून फिरावं लागणार होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच अंबूबाई आली. आमंत्रण होतंच. काठी टेकत ती मांडवातून थेट आत गेली, मुकटा नेसून, कपाळाला गंध लावून उभ्या असलेल्या भावाला खुणेनं मागच्या दारी घेऊन गेली आणि धुण्याच्या दगडाशी थांबली.

"श्रीधरण्णा, रवी काल गेला रे."

श्रीधररावांनी दगडावर हात टेकला.

"कावीळ पोटात शिरली होती. सांगत होते सगळे, अंगावर काढलं. आज उजाडताच नेलं. मी तिथूनच येतेय."

आणि आता सांगायची गोष्ट अशी, की ते ऐकल्यावर श्रीधररावांना पहिल्यांदा दुःख झालं नाही. पहिल्यांदा हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. चला, शिल्पाश्रीचं लग्न आता निर्मळ झालं, आपण दोन वर्षं बोललो ते खोटं कालपासून खरं झालं, हे आधी मनात आलं. मग ते काय होतं ते त्यांना कळलं. पोटचा मुलगा मेला आणि आपण सुटलो म्हणून बरं वाटलं.

"अग्नी कुणी दिला?"

"पोरीनंच. दुसरं कोण आहे? भटानं गोत्र विचारलं, तर तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. मी गर्दीत मागे होते, ऐकूही आलं नाही मला वेळेवर. मग शिवगोत्र म्हणाले आणि उरकलं."

साऱ्या गावाची गोत्रं त्यांच्या जिभेवर होती. कुणाच्या आजोळचंसुद्धा ते झोपेतून उठवलं तरी सांगत. नातीला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. ती ज्याला गिऱ्हाईक समजली होती त्यानंच सांगायला हवं होतं.

अंबूबाईनं डोळे पुसले आणि मग, सारा जन्म सगळ्यांनी त्यांना जे विचारलं तेच विचारलं. "अण्णा, आता सुतक?"

श्रीधररावांचे डोळे सवयीनं मिटले. अंगठा सवयीनं बोटाच्या पेरावर गेला. बाप आणि मुलगा. मोजायला मध्ये एकही पिढी नव्हती. "नाही," ते म्हणाले. "त्याचं झालेलं आहे. एका माणसाचं दोनदा नसतं."

"निदान आंघोळ तरी कर की रे. बाप ना तू?"

मांडवातून भीमाचार्यांची हाक आली, मुहूर्ताची वेळ होत आली होती. आता ओल्या अंगानं ते बाहेर आले असते तर एका नजरेत भीमाचार्यांना कळलं असतं. "आंघोळ झाली आहे माझी," ते म्हणाले आणि आत गेले.

कन्यादानाचा संकल्प त्यांनी खणखणीत आवाजात म्हटला. गोत्र आलं तिथं आवाज फाटला, पण लगेच सावरला. शिल्पाश्रीच्या हातावर पाण्याची धार धरताना त्यांनी एकदाच आकाशाकडे पाहिलं. लोकांना ते फार हृद्य वाटलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

पंगत बसली. होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, बेत होता. नवं मंगळसूत्र घातलेली शिल्पाश्री स्वतः वाढायला आली आणि पहिली होळगी तिनं सासऱ्याच्या पानावर वाढली, वर तुपाची धार सोडली. श्रीधरराव त्या तुपाकडे बघत राहिले. परत आलेल्याला तुपानं न्हाऊ घालतात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना.

शिल्पाश्री तुपाचं भांडं हातात धरून त्यांच्यासमोर खाली बसली. तिचेही डोळे भरून आले. कशासाठी रडताहेत ते आपल्याला कळलं, असं तिला वाटलं. त्यांच्या हातावर हात ठेवून ती समजुतीनं म्हणाली, "मामंजी, आज नको त्यांची आठवण. त्यांचं सुतक कधीच फिटलं. तुम्हीच तर फेडलंत. खा बघू."

श्रीधररावांनी मान हलवली, होळगीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले.

"वाढू आणखी एक?" तिनं विचारलं.

"वाढ," ते म्हणाले.